हार्नेल बोलत नाही

आयुष्यभर हार्नेलखेरीज दुसऱ्या कंपनीच्या गाडीच्या स्टिअरिंगला हात न लावलेल्या आबांनी शनिवारी सकाळी जाहीर केले, की टॅक्सीच्या फर्ममधल्या सगळ्या हार्नेल काढून टाकायच्या आणि त्यांच्या जागी कोमारा आणायच्या. कारण विचारल्यावर ते म्हणाले, "हार्नेल बोलत नाही."

थोरल्याने रविवारी दुपारी सगळ्यांना ऑफिसात बोलावले. ऑफिस म्हणजे शेडवरची, लाकडी जिना चढून गेल्यावर लागणारी खोली. तिची एक भिंत पूर्ण काचेची होती आणि तिच्यातून खाली ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांची करडी छपरे दिसत. रविवारी ड्रायव्हर येत नसत, त्यामुळे खाली कोणी ऐकण्याचा प्रश्न नव्हता. ऐकू जाऊ नये असेच बरेच काही बोलायचे होते.

थोरल्याच्या मते प्रश्न गाड्यांचा नव्हता, जावयाचा होता. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षे जावई कोमाराच्या शोरूममध्ये गाड्या विकत असे. शोरूम बंद पडल्यावर आबांनी त्याला फर्मचे वर्कशॉप दिले. तो आला तो स्वतःची जुनी कोमारा घेऊनच. आणि 'परकी गाडी शेडमध्ये नको' या थोरल्याच्या नियमामुळे ती तेव्हापासून फाटकाबाहेर भिंतीला लागून, सावत्र पोरासारखी उभी असे. एवढ्यावर संशय घेण्याइतका थोरला उथळ नव्हता. पण गेल्या काही महिन्यांत आबा जेवताना जावयाशेजारी बसू लागले होते. कामाचे काही असले की जावयालाच हाक मारत. थोरला बोलू लागला, की मात्र त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहत, जणू खोटे कुठल्या शब्दाला पकडायचे ते ठरवत आहेत. आणि शेवटी नुसती मान डोलावत. त्या मान डोलावण्यातून पुढे काहीच निघत नसे.

"आज संध्याकाळपर्यंत एक तर भावोजी वर्कशॉपच्या किल्ल्या टेबलावर ठेवतील," त्याने जिन्याखाली बायकोला सांगितले होते, "नाहीतर मी ऑफिसच्या ठेवीन. दोघांना पुरेल एवढी ही शेड मोठी नाही."

वहिनीने हे वाक्य लगोलग नणंदेच्या कानावर घातले. वाक्य आपल्यापाशी ठेवण्याची तिला सवय नव्हती, आणि या वाक्याच्या बाबतीत तिची तशी इच्छाही नव्हती.

"सुरुवात कोण करतंय?" आईने विचारले. "की एकमेकांची तोंडं बघायला जमलोय?"

"मी करतो," थोरला म्हणाला. त्याचा आवाज पातळ होता आणि बोलणे घाईचे. लहानपणी त्याला सगळे शिट्टी म्हणत, आणि आई अजूनही चुकून म्हणे. "आबा, हार्नेलमध्ये काय कमी आहे, तेवढं सांगा. दार लावलं की कसं बसतं? धप्प. एकदाच. कोमाराचं दार लावा, पत्र्याचा डबा आपटल्यासारखं वाटतं. गिऱ्हाईक गाडीत बसतं तेव्हा इंजिन बघत नाही, दार ऐकतं. त्या एका धप्पवर आपला धंदा उभा आहे."

"दारावर नाही रे, माझ्या गुडघ्यांवर उभा आहे," आई म्हणाली. "हार्नेलची सीट बरोबर उंचीची आहे. उतरताना कोणाचा हात धरावा लागत नाही. मला तेवढं पुरे. बाकी बोनेटखाली उंदीर पळत असले तरी माझी हरकत नाही."

"मला विचाराल तर दोन्ही नकोत," वहिनी म्हणाली. "व्हिस्टेल घ्या. बोळात एका दमात वळते, आणि आरशाला दिवा असतो."

"आरशाच्या दिव्यावरून गाडी घ्यायची?"

"तुम्ही दाराच्या आवाजावरून घेताय, अहो. माझ्या दिव्याचा निदान उपयोग तरी होतो."

आबांची लेक कोपऱ्यात टायरच्या जाहिरातीखाली बसली होती. वजनकाटे आणि मीटर खरे दाखवतात की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, आणि घरात तिला मोजपट्टी म्हणत. तिची अशी लाडकी गाडी नव्हती. माणूस गाडी आधी पसंत करतो आणि कारणे मागाहून गोळा करतो, असे तिचे मत होते; ती कारणे बहुधा सच्ची असतात, फक्त ती कारणे नसतात. आज मात्र तिला मतात रस नव्हता. ती नवऱ्याकडे बघत होती. नवरा जमिनीकडे बघत होता.

"मोजपट्टे, तू काही बोल," थोरला म्हणाला.

"मी ऐकतेय."

"तेच तर. तुझ्या घरात शिजलेलं तुला माहीत नसेल, असं मला वाटत नाही."

"दादा," जावई म्हणाला. त्याचा आवाज खर्जातला होता. बोलला, की काचेच्या भिंतीला किंचित कंप सुटल्यासारखे वाटे. "मला जे विचारायचंय ते मलाच विचारा."

"विचारतो ना. पण आधी आबांना." थोरला वडिलांकडे वळला. "आबा, हे कोमाराचं तुम्हाला सुचवलं कोणी?"

आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग समाधानाने म्हणाले, "रुचलं म्हणजे काय! फारच रुचलं."

वहिनीने ओठ दाबून हसू आवरले. आबांच्या कोट्या घरात प्रसिद्ध होत्या, आणि अलीकडे त्यांना जरा जास्तच बहर आला होता. आईला तर तो विनोदाचा नव्हे, चुकवाचुकवीचा प्रकार वाटे: सरळ विचारावे, तर म्हातारा शब्दाची शेपटी धरून निसटतो.

"गंमत नाही आबा," वहिनी म्हणाली. ती मोठ्यांशी नेहमीच हळू बोले. तसे बोलणे तिला सभ्यपणाचे वाटे. "स्पष्ट बोलते, राग मानू नका. आम्हाला संशय येतोय."

"आशय साधाच आहे," आबा म्हणाले. "हार्नेल मुकी झाली. मुक्या गाडीत मी बसणार नाही, गिऱ्हाइकालाही बसवणार नाही. झालं?"

थोरल्याने टेबलावर हात आपटला. लेकीने त्याच क्षणी मान वर केली. तिला काहीतरी खटकले होते, पण काय, ते सांगता आले नसते.

आबा मागे टेकून बसले. त्यांना ही बैठक नकोशी वाटत होती, आणि तिचे कारण त्यांना स्वच्छ दिसत होते. हे घर पूर्वी असे नव्हते. आता सगळे हळू बोलत. सून बोले ती जणू भिंतीला सांगितल्यासारखी. मुलगा अर्धे वाक्य ओठांतच ठेवी. बायको पाठ फिरवूनच काहीबाही पुटपुटे आणि 'काय?' म्हटले की 'काही नाही' म्हणे. माणसे हळू केव्हा बोलतात हे आबांना माहीत होते. जे आपल्याला कळू द्यायचे नसते ते माणूस हळू बोलतो. म्हाताऱ्याला बाजूला काढायचे ठरले आहे, एवढा अर्थ त्यांनी लावला होता, आणि तो अर्थ त्यांना रोज नव्याने पटत होता. एकटा जावई समोर उभा राहून, सरळ, नीट बोले. परका असून. आणि त्याची गाडीसुद्धा तशीच.

खालच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला. आबा काचेकडे न बघताच म्हणाले, "गिअरबॉक्सचं माउंटिंग गेलंय त्याचं. धडधडतोय."

"बघा," आई म्हणाली. "कान बघा."

आबांच्या कानाबद्दल त्या घरात वाद होत नसे. फाटकाशी उभे राहून, आत येणाऱ्या गाडीचे कुठले बेअरिंग गेले आहे ते आबा सांगत, आणि गाडी उघडल्यावर ते तसेच निघे. वर्कशॉपमध्ये नवा माणूस आला, की त्याला पहिली गोष्ट ही सांगितली जाई.

थोरल्याने खिशातून कागदात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. लाल प्लास्टिकचा तुकडा होता तो, एका कडेला करड्या रंगाचा ओरखडा असलेला.

"हे काय ते ओळखता ना, भावोजी? वर्कशॉपच्या भंगाराच्या डब्यात मिळालं. हार्नेलचा मागचा दिवा. आपली एकही गाडी मागून ठोकल्याची बातमी माझ्यापर्यंत आलेली नाही. मग हा दिवा स्वतःहून फुटला?"



लेकीला गेल्या गुरुवारची आठवण झाली. नवरा उशिरा घरी आला होता आणि त्याच्या नखांत करडा रंग होता. 'गिऱ्हाइकाची गाडी,' तो म्हणाला होता, आणि तिने पुढे विचारले नव्हते. फर्मबाहेरच्या गाड्या वर्कशॉपमध्ये येत नाहीत हे तिला तेव्हाही माहीत होते. म्हणजे तो खोटे बोलला होता. एकदा एका गोष्टीत खोटे निघाले, की बाकीच्या गोष्टी आपोआप खऱ्या राहत नाहीत. प्रयोगशाळेत चुकलेल्या मीटरला ती हाच नियम लावत असे. नवऱ्याला लावणे तिला जड गेले, पण तिने लावला.

"सांग," ती म्हणाली. "माझ्यासमोर सांग. गुरुवारी काय होतं?"

"आबांनी कोणाला सांगू नको म्हटलं होतं."

"मला नको, असं म्हटलं होतं?"

"कोणालाच." त्याने आबांकडे पाहिले. आबांनी हात हलवला: बोल.

"आबांनी हार्नेल मागे घेताना खांबाला लावली. गुरुवारी. त्याच्या आधीही लावली होती, तेव्हा नुसता बंपर गेला. मी दोन्ही वेळा रात्री थांबून रंगकाम केलं."

आई उठून उभी राहिली. "आणि मला कोणी सांगितलं नाही? जावईबापू, आम्ही तुम्हाला घरातलं समजतो, आणि तुम्ही आमच्याच घरात आमच्यापासून चोरून? उद्या त्या खांबाच्या जागी माणूस असता म्हणजे?"

"म्हणूनच मी रोज त्यांच्याबरोबर राहतो, आई."

"वा!" थोरला म्हणाला. "बरोबर राहून, गोड बोलून, आपली गाडी गळ्यात घालता ते वेगळं. आबा, सेन्सर आहे ना मागे? खांब जवळ आला की ओरडतो. मग लागली कशी?"

"काय म्हणतोय?" आबांनी जावयाला विचारले.

"सेन्सर वाजला नाही का, म्हणतायत."

"नाही वाजला! तेच सांगतोय केव्हापासून. हार्नेल बोलत नाही. पूर्वी कशी, सारखं काहीतरी सांगायची. वळायचा दांडा दाबला की टिकटिक करायची, पट्टा लावला नाही की कुरकुरायची. हल्ली तोंडाला कुलूप."

थोरला हसला. तो बराच वेळ या वाक्याची वाट बघत होता. "आबांची ही कुरकुर आठवडाभर ऐकतोय, म्हणून सेन्सर मी स्वतः तपासला. वाजतो. मी बसलो की वाजतो, ड्रायव्हर बसला की वाजतो. फक्त आबा बसायच्या दिवशी वाजत नाही. याचा अर्थ सांगू? कोणीतरी फ्यूज काढतं आणि मागाहून परत लावतं. हार्नेल आबांच्या मनातून उतरावी म्हणून. वर्कशॉपच्या किल्ल्या कोणाकडे असतात, हे मी सांगायला नको."

आरोप आता शब्दांत आला होता, आणि शब्दांत आलेला आरोप एक तर सिद्ध व्हावा लागतो, नाहीतर करणाऱ्याच्या अंगावर येतो. लेकीने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिला तिथे काहीच वाचता आले नाही. चेहऱ्यांवरून काही सिद्ध होत नाही, असे तिने स्वतःला बजावले. त्याचा तिला फारसा आधार वाटला नाही.

"काढलास?" तिने विचारले.

"नाही."

"शप्पथ घ्या म्हणावं," वहिनी पुटपुटली.

"शपथेची गरज नाही," थोरला म्हणाला. "मी सापळा लावलाय. बुधवारी आबा चालवतात त्या हार्नेलच्या फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर आणि कडेवर मिळून रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवली. झाकण उघडलं असेल तर रेघ मोडलेली असणार. चला खाली."

"रंग कुठला?" वहिनीने विचारले.

थोरला जिन्याकडे वळला.

"माझं नेलपॉलिश! तरीच म्हटलं, बाटलीचं बूच आवळलेलं कसं नाही. स्वतःच्या घरात चोरी करून दुसऱ्याचा चोर पकडायचा! धन्य आहे."

सगळे लाकडी जिना उतरून शेडमध्ये आले. आबा सर्वांत पुढे होते. गाड्यांमध्ये आल्यावर त्यांची चाल सुधारत असे. मागच्या नव्या दिव्याची ती हार्नेल टोकाला उभी होती. थोरल्याने स्टिअरिंगखाली टॉर्च धरली, वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"काय दिसतंय?" लेकीने विचारले.

"थांब जरा."

वहिनीने त्याच्या हातातून टॉर्च घेतली आणि स्वतः डोकावली. "रेघ सरळ आहे," ती म्हणाली. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. केसाएवढीसुद्धा फट नाही." मग ती उभी राहिली आणि जावयाकडे न बघता, नवऱ्याला म्हणाली, "अहो, बुधवारपासून हे झाकण कोणी उघडलेलं नाही. आणि आबांनी खांबाला लावली ती गुरुवारी."

वहिनी त्या क्षणी नवऱ्याच्या बाजूची राहिली नाही. तिला जावयाबद्दल फार माया होती असे नाही. पण सापळा आपण लावायचा आणि तो रिकामा निघाला तरी शिकार झाली म्हणायचे, हे तिला पटण्यासारखे नव्हते. शिवाय नेलपॉलिश नवे होते.

"मग सेन्सरच मधूनमधून बंद पडत असेल," थोरला म्हणाला. त्याचा आवाज आणखी वर गेला होता. "किंवा..."

"किंवा काय?" आई त्याच्याजवळ गेली. "बाप खोटं बोलतो म्हणायचंय? की डोळे गेले म्हणायचंय? डोळे मागच्याच महिन्यात तपासून आणलेत. काय म्हणायचंय ते पुरतं म्हण, शिट्ट्या."

थोरल्याला तेच म्हणायचे होते, आणि ते त्याच्याने म्हणवेना. आबा शेजारीच उभे होते, अगदी निर्विकार. त्यांच्याविषयी चाललेल्या बोलण्याचा त्यांच्यावर काडीचा परिणाम दिसत नव्हता. हा मुर्दाडपणा की अभिमान, असा प्रश्न थोरल्याला पडला. लेकीलाही तो चेहरा दिसला, आणि वर ऑफिसात जे खटकले होते ते तिला पुन्हा खटकले.

"दादा, तू तपासलास तेव्हा गाडीत कोण होतं?" तिने विचारले.

"मी एकटा."

"आणि तू?"

"एकटाच," जावई म्हणाला. "आबांना घरी सोडून आल्यावर. दर वेळी वाजायचा. मग मला वाटलं, आबांचं लक्ष नसेल, आणि मानी माणूस सेन्सरवर ढकलतोय. म्हणून गप्प राहिलो."

"म्हणजे आबा आत असताना दुसरं कोणीच कधी आत नव्हतं."

"मी बाहेर मागे उभा राहून हात दाखवायचो."

"गाडी तीच ठेवायची, जागा तीच ठेवायची," लेक म्हणाली, "आणि आबांबरोबर मी बसते. एकावेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी तर्क नंतर."

जावयाने फिल्टरची रिकामी खोकी आणून गाडीच्या मागे, बऱ्याच अंतरावर, एकावर एक रचली. आबा स्टिअरिंगवर बसले. लेक शेजारी बसली आणि तिने हात हँडब्रेकवर ठेवला. दार लागले, धप्प, एकदाच.

"घ्या मागे, आबा. सावकाश."

आबांनी गाडी मागे घेतली. थोडे अंतर गेल्यावर सेन्सर वाजू लागला: पिप्, पिप्, पिप्, बारीक, टोकदार, बंद काचांच्या आत कानठळ्या बसतील असा. मग पिप्पिप्पिप्. मग एकच सलग किंचाळी. लेकीने आबांकडे पाहिले. त्यांची नजर आरशात होती, चेहरा शांत होता, पाय ब्रेकवर नव्हता.

"बघ," ते म्हणाले. "मुकी."

तिने हँडब्रेक ओढला. मागे वरचे खोके घसरून पडले.

काच खाली झाली तेव्हा थोरला खिडकीशी धावत आला होता. "वाजतोय की! इथपर्यंत ऐकू येतोय! आबा, वाजतोय!"

आबांनी त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिले. "तोंडातल्या तोंडात काय बोलतोस?" ते म्हणाले. "बोलायचं तर नीट बोल."

थोरला उघड्या तोंडाने तसाच उभा राहिला. तो ओरडला होता. फाटकाबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला होता.

"तुझी गाडी आत आण," लेक नवऱ्याला म्हणाली.

जावयाने थोरल्याकडे पाहिले. थोरल्याने होकारार्थी मान हलवली, आणि कोमारा पहिल्यांदाच शेडमध्ये आली. खोकी पुन्हा रचली गेली. कोमाराचा सेन्सर वेगळ्याच जातीचा होता. तो पिपत नसे, घुमत असे, जाड डब्यावर बोटाने वाजवावे तसा. आबांनी गाडी मागे घेतली. पहिल्या घुमण्यालाच त्यांची मान किंचित कलली, घुमणे सलग झाले तसा त्यांनी ब्रेक दाबला, आणि खोक्यांपासून हातभर अंतरावर गाडी थांबली.

"ही सांगते," आबा म्हणाले.

शेजारी बसलेल्या लेकीने फोन काढला. प्रयोगशाळेच्या कामासाठी त्याच्यात हवा तो सूर काढण्याची सोय होती. तो डॅशबोर्डवर उलटा ठेवून ती आबांच्या समोर तोंड करून, सावकाश, आवाज खाली आणून म्हणाली, "ऐकू येईल तोवर बोट वर ठेवा. बंद झालं की खाली."

"हा काय पोरखेळ?"

"माझ्यासाठी."

तिने खालच्या सुरापासून सुरुवात केली. बोट वर गेले. सूर चढत गेला. बोट वर होते. आई, वहिनी, थोरला खिडक्यांना लागून उभे होते आणि जावई बोनेटशी. सूर आणखी चढला. बोट जरा डळमळले, मग खाली आले आणि गुडघ्यावर स्थिर झाले.

सूर वाजतच होता. वहिनीने कानावर हात धरला. लेकीने तो आणखी वर नेला, पुन्हा खाली आणला. बोट त्याच जागी पुन्हा वर आले. तिने तीच चाचणी दुसऱ्यांदा केली, कारण एकदा मिळालेला आकडा हा आकडा नसतो. जागा तीच राहिली.

"बंद पडला तुझा फोन," आबा म्हणाले. आणि मग, सगळ्यांचे चेहरे पाहून, "काय झालं?"

आई गाडीला वळसा घालून दुसऱ्या दाराने आबांच्या मागच्या सीटवर येऊन बसली. सीट तिच्या गुडघ्यांना खोल पडली, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही.

"तू सांग," थोरला जावयाला म्हणाला. "माझं नाही ऐकू जाणार."

जावयाने खिडकीत वाकून, आबांच्या डोळ्यांत बघत, आपल्या खर्जातल्या आवाजात सांगितले. आबांनी पूर्ण ऐकून घेतले. त्यांनी मध्ये एकदाच विचारले, "म्हणजे तुम्ही सगळे हळू बोलत नव्हता?"

"नाही, आबा."

कारण असे होते. आबांच्या कानांनी वयानुसार वरचे सूर सोडून दिले होते आणि खालचे शाबूत ठेवले होते. बेअरिंग, गिअरबॉक्स, माउंटिंग यांचे आवाज खालचे असतात. ते त्यांना पूर्वीइतकेच येत, म्हणून त्यांच्या कानावर कोणाचा संशय गेला नाही, त्यांचा स्वतःचाही नाही. हार्नेलची टिकटिक, कुरकुर आणि पिपिप या सगळ्या वरच्या सुरांत होत्या. हार्नेलमध्ये कुठलाही बिघाड नव्हता. बोलण्यातले स, श, च हेही वरचे सूर. ते गळाले की शब्दाचे सांगाडे उरतात, आणि उरलेल्या सांगाड्यात आबा जवळचा शब्द भरून उत्तर देत. घर त्याला कोट्या म्हणत होते. जावयाने आबांना काहीही सुचवले नव्हते, कोणताही फ्यूज काढला नव्हता आणि सासऱ्याची मर्जी मिळवण्यासाठी काही केले नव्हते. त्याचा आवाज जाड होता, एवढेच. थोरला बोलत असताना आबा मान डोलावत, तो होकार नव्हता, नकारही नव्हता आणि अविश्वास तर नव्हताच. त्यांना मुलगा ऐकू येत नव्हता.